झाकलेली खिरापत

वऱ्हाडात पाऊस ओसरू लागला, ज्वारी निसवू लागली, की घरोघरच्या स्वयंपाकघरांत रोज एक लहानसे गुपित शिजू लागते. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोबा, कुठे मांडीवर इवलासा गणपती. शंकर-पार्वतीच भिल्लाच्या वेषात आली आहेत, अशी समजूत. तेव्हापासून आश्विनातल्या कोजागिरीपर्यंत दिवेलागणीला आळीतल्या मुली टिपऱ्या घेऊन या घरून त्या घरी जातात, भुलाबाईपुढे गाणी म्हणतात आणि गाणी संपली की खिरापतीची वाट पाहतात. पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकांना हादगा किंवा भोंडला ठाऊक असेल. आमची भुलाबाई ही त्यांची वऱ्हाड-खानदेशातली बहीण.

ही खिरापत मात्र तशीच हातावर पडत नाही. ती ओळखावी लागते. घरची बाई झाकणाचा डबा घेऊन येते, मुलींच्या कानापाशी तो हलवते आणि म्हणते, 'सांगा बरं, काय आहे?' मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? दाताखाली मोडतं की जिभेवर विरघळतं? लाह्या, फुटाणे, वाटली डाळ, गुळपापडी, उकडलेले शिंगाडे, अशी नावांची उधळण होते. धूर्त बाया मुद्दाम आवाज न करणारी वस्तू निवडतात. काकडीच्या चकत्या डब्यात ठेवल्या, की भल्या भल्या मुलींची मती गुंग होते. हल्ली कुठे कुठे दुकानातली पुडकी डब्यात येतात. पण त्यांची चुरचुर ऐकली, की मुली पदार्थ सोडून कंपनीचेच नाव सांगतात, आणि खेळातली गंमत जाते.

मी हा खेळ परकरी पोर असताना खेळले, लेकीसुनांच्या वेळी डबा हलवला आणि आता नातीच्या वेळी ओट्यावर बसून ऐकते. इतक्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली. या खेळाचे नियम कुणी लिहून ठेवलेले नाहीत, तरी ते सगळ्या घरांत सारखेच आहेत. पहिला नियम असा, की डबा रिकामा नसतो. घरात काही नसले तर गुळाचा खडा आणि चार शेंगदाणे असतील, पण रिकामा डबा हलवून मुलींची फजिती करायची नाही. दुसरा असा, की नाव सांगायचे नाही, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खरे द्यायचे. गोड असताना तिखट म्हणणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. आणि तिसरा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. मुली घरी जाण्याआधी झाकण उघडायचे. ओळखणारीला आणि न ओळखणारीला सारखीच खिरापत मिळते. जिंकणारीला मूठभर जास्त, असा प्रकार नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात या खेळावरून एक पेच उभा राहिला. नातीची एक जिवलग मैत्रीण आहे. तिला चार संध्याकाळी एकदाही खिरापत ओळखता आली नव्हती आणि बाकीच्या मुली तिला चिडवू लागल्या होत्या. पाचव्या दिवशी खिरापत आमच्याकडे. दुपारी आईला मदत करायला नातच बसली होती, त्यामुळे डब्यात काय आहे ते तिला माहीत. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, 'आजी, तिला सांगू का?'

हा प्रश्न घरभर झाला. तिची आई म्हणाली, माझी खिरापत फोडायची नाही. बाप म्हणाला, एकीला सांगायचे आणि दहाजणींना नाही, हा पक्षपात झाला. थोरल्या भावाला बुद्धिबळाचे वेड. त्याने पटावरून मान वर न करता निकाल दिला, की सांगितलेस तर तो खेळच राहत नाही. तिघांचेही म्हणणे बरोबर होते, आणि मैत्रिणीचा उतरलेला चेहराही खरा होता. संध्याकाळी मुली जमल्या, गाणी झाली, डबा हलला, प्रश्न संपले, तरी कुणाला येईना. तेव्हा नात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, 'हे कुटताना माझा हात दुखला.' खलबत्ता सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आला. मागच्या घरातली एक पोर ओरडली, 'शेंगदाण्याचे लाडू!' मैत्रीण पुन्हा मागेच राहिली. पण लाडू तिलाही तेवढाच मिळाला, आणि तो खाताना तिचा चेहरा काही उतरलेला दिसला नाही.

त्या रात्री मी बराच वेळ विचार करीत होते. झाकणे आणि खोटे बोलणे या दोन गोष्टी आपण रोजच्या बोलण्यात एकाच पंक्तीला बसवतो. 'माझ्यापासून लपवलंस म्हणजे फसवलंस,' असे नवरा-बायको म्हणतात, मित्र म्हणतात, मोठी झालेली मुले आईबापांना म्हणतात. हे नेहमीच खरे आहे का? मुलींपासून आपण खिरापत लपवतो. त्यांना फसवतो असे कुणी म्हणेल का?

धर्मराजाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला आणि द्रोणाचार्यांना मुलगाच गेला असे वाटावे, अशा बेताने युधिष्ठिर बोलला. शब्द पाहावे तर खरे. हत्तीचा उल्लेखही त्याने केला, पण ऐकू जाणार नाही असा. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, असे महाभारत सांगते. भुलाबाईचा डबा हलवणारी बाई नेमके याच्या उलट वागते. ती नाव सांगत नाही, पण जे सांगते ते समोरच्याला सत्याच्या जवळ नेण्यासाठी. युधिष्ठिराने सांगितले ते समोरच्याला सत्यापासून दूर नेण्यासाठी. तेव्हा शब्द खरा की खोटा एवढेच पाहून भागत नाही. तो बोलताना आपण ऐकणाऱ्याला कुठे नेतो आहोत, हेही पाहावे लागते.

जर्मन तत्त्वज्ञ कांट हा खोटे बोलण्याचा कट्टर वैरी. १७९७ साली लिहिलेल्या एका निबंधात त्याने इथपर्यंत मजल मारली, की दारात उभ्या असलेल्या मारेकऱ्याने घरात लपलेल्या मित्राचा पत्ता विचारला तरी खोटे बोलता कामा नये. हे वाचून आपल्या अंगावर काटा येतो. पण याच कांटने १७६६ साली मेंडेल्सझोन या मित्राला लिहिलेल्या पत्रात कबूल केले आहे, की आपल्याला पटलेल्या कितीतरी गोष्टी बोलून दाखवण्याचे धैर्य आपल्याला कधीच होणार नाही, मात्र जे पटलेले नाही ते आपण कधीही बोलणार नाही. म्हणजे इतका कडक माणूसही डब्यावर झाकण ठेवायला तयार होता. त्याची अट एकच, की कुणी विचारले तर गोडाला तिखट म्हणायचे नाही.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे, कारण डब्यात लाडू आहेत. घरात झाकलेले सगळेच लाडू नसतात.

आश्विन हा जसा भुलाबाईचा महिना, तसाच तो आमच्याकडे कपाशीचा. दसऱ्याच्या मागेपुढे बोंडे फुटू लागतात आणि पहिल्या वेच्याच्या हिशेबावर दिवाळी बेतली जाते. पोरांचे कपडे, लेकीचे माहेरपण, सावकाराचे आणि बँकेचे देणे, सगळे त्या बोंडात बंद असते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने वऱ्हाडातल्या कपाशीचा घात केला. या अळीची तऱ्हा विलक्षण आहे. ती अगदी बारीक असतानाच कोवळ्या बोंडात शिरते आणि तिच्या मागे ते छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार, टपोरे, आत सरकी खाल्लेली. म्हणून जाणकार सांगतात, की वरून पाहून समाधान मानू नका, शेतातली वीसेक हिरवी बोंडे तोडून फोडून पाहा.

दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. त्या वर्षी त्यांच्या हाती फारसे काही आले नाही. घरात दोन मुले. थोरला दहावीला, धाकटी चौथीत. आईबापांनी ठरवले, की मुलांना काही कळू द्यायचे नाही. पोराचे परीक्षेचे वर्ष. 'लेकरायले कायले सांगाव? त्यायच्या जिवाले घोर कायले?' असे ती माउली मला म्हणाली होती. हे तिने मायेपोटीच केले. मुलाने विचारले, 'बाबा, कपाशी कशी हाय?' बाप म्हणाला, 'मस्त हाय.'

पण डबा हलल्याशिवाय राहतो थोडाच? रात्रीची कुजबुज, बापाचा न उचललेला फोन, आईच्या गळ्यातली दिसेनाशी झालेली पोत, दिवाळीच्या तोंडावर न झालेली बाजाराची खेप. मुलाने आवाज ऐकले आणि आपल्या परीने ओळखायला सुरुवात केली. वऱ्हाडातल्या खेड्यातला मुलगा तो. कर्जापायी आसपासच्या घरांत काय काय घडले ते त्याने ऐकलेले, एखाद्या दारासमोरची गर्दीही पाहिलेली. एके दिवशी बाप फवारणीची बाटली शोधू लागला, तर ती जागेवर नाही. घरभर शोध झाला. शेवटी धाकटीने सांगितले, दादाने ती गोठ्यातल्या कुटाराच्या ढिगात पुरून ठेवली आहे. कितीतरी दिवस तो पोरगा रात्री उठून बाप अंथरुणात आहे की नाही ते पाहत होता.

बापाच्या मनात तसले काही नव्हते. त्याला पिकाची काळजी होती, जिवाचा कंटाळा नव्हता. पण मुलाला ते कळणार कसे? त्याला मिळालेले एकच उत्तर 'मस्त हाय', आणि ते खोटे आहे हे त्याला दिसत होते. एक उत्तर खोटे निघाले, की पुढच्या कुठल्याच उत्तरावर विश्वास बसत नाही. त्या संध्याकाळी बापाने दोन्ही मुलांना समोर बसवले आणि आकडे सांगितले. देणे किती, घरात किती, काय विकावे लागेल आणि काय विकायचे नाही. 'वावर विकत नाही,' एवढे त्याने दोनदा सांगितले. आई नंतर मला म्हणाली, की पोरगा त्या रात्री निवांत झोपला. पुढे तो दहावी झाला. कर्ज फिटायला आणखी दोन हंगाम लागले.

यावर कुणी विचारील, आणि विचारायलाच हवे, की मग लहानपण म्हणून काही आहे की नाही? चौथीतल्या पोरीपुढे सावकाराचा हिशेब मांडायचा? आईबापांच्या काळजीचे ओझे पोरांच्या पाठीवर टाकणे हाही एक अन्याय आहे, आणि स्वतःचे मन हलके करण्यासाठी मुलांना सगळे ऐकवणारे आईबापही मी पाहिले आहेत. माझे उत्तर पुन्हा त्या खेळातूनच येते. खिरापत सगळ्यांना मिळते, पण ज्याच्या त्याच्या हातात मावेल तेवढी. चार वर्षांच्या पोरीच्या तळव्यावर चिमूटभर, मोठीच्या तळव्यावर मूठभर. पदार्थ मात्र एकच. लहानीला वेगळा, बनावट पदार्थ द्यायचा नाही. 'यंदा पीक कमी आलं, म्हणून फटाके नाहीत, पण आपण सगळे घरी आहोत,' हे चौथीतल्या मुलीच्या हातात मावते. तिच्या भावाच्या हातात थोडे अधिक मावते. दोघांनाही मिळते ते खरेच.

आमच्याकडे कोजागिरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. नवे कपडे, कपाळावर कुंकू, हातावर काही गोड. पहिलेवहिले म्हणून हा मान, असे सगळेच समजतात. मला वाटते, त्यामागे आणखीही काही असावे. घरातला डबा हलला की तो आवाज आधी ऐकतो तो थोरला. धाकट्यांना कळू नये म्हणून गप्प बसतो तोही थोरलाच.

गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले. १८७६ साली शेंडगावी जन्मले आणि १९५६ साली अमरावतीजवळच गेले. त्यांची कीर्तने ऐकलेली माणसे सांगत, की बाबा उपदेश करण्यापेक्षा प्रश्नच जास्त विचारीत. साधा, अडाण्यालाही उत्तर येईल असा प्रश्न. लोकांनी उत्तर दिले की पुढचा प्रश्न. अशा रीतीने कर्ज काढून सण करण्यातला मूर्खपणा ज्याचा त्यालाच आपल्या तोंडून कबूल करावा लागे. आयते हातावर ठेवलेले सत्य माणूस खिशात घालतो आणि विसरतो. स्वतः ओळखलेले मात्र त्याचे होते. माझ्या नातीने मैत्रिणीच्या कानात लाडवाचे नाव सांगितले असते, तर ते ओळखणे मैत्रिणीचे झाले नसते. म्हणून मुलांना सगळे न सांगता त्यांना विचारू द्यावे, यातही मोठा आदर आहे.

उलट, जे झाकण कधीच उघडायचे नसते, त्याचे चित्रही भुलाबाईच्या गाण्यांतच आहे. कारल्याच्या वेलाचे गाणे सर्वांना ठाऊक आहे. सून माहेरी जायला विचारते. सासू नाही म्हणत नाही. आधी वेल लाव, मग जा. वेल लागला, तर फूल येऊ दे. फूल आले, तर कारले लागू दे. प्रत्येक पायरीवर होकार दिसतो आणि प्रत्येक पायरीवर तो पुढे सरकतो. सासूच्या डब्यात काहीच नाही, आणि तरी ती तो सुनेच्या कानाशी हलवीत राहते. पिढ्यान्‌पिढ्या मुली हे गाणे हसत म्हणत आल्या, आणि त्याच बैठकीला खरा डबाही उघडत आल्या. कोणते झाकणे मायेचे आणि कोणते छळाचे, हे त्यांना दहाव्या वर्षीच कळत असावे.

डबे काही मोठ्यांचेच असतात असे नाही. मुलांचेही असतात. पूर्वी पत्र्याच्या पेटीत गोट्या, चिंचोके, काडेपेटीवरची चित्रे, पोस्टाची तिकिटे असत. आता ती पेटी बहुधा मोबाइलमध्ये असते. आईबापांना ती उघडून पाहण्याचा मोह होतो, आणि आत विंचू आहे अशी शंका आली तर ती उघडलीच पाहिजे. पण एरवी, आपण मुलांना लावतो तोच नियम आपल्यालाही लावावा. हात घालण्याआधी विचारावे, गोड की तिखट? ज्या घरात मोठे खरे उत्तर देतात, त्या घरात मुलेही बहुधा खरे सांगतात. तिकिटे जमवणारा मुलगा तर आज ना उद्या स्वतःच पेटी घेऊन येतो. दाखवायला कुणी नसेल तर जमवण्यात त्याला गोडी कसली?

आणि दिवस फिरतात. एके काळी ज्यांच्यासाठी आपण डबे झाकले, ती मुले मोठी होऊन आपल्यासाठी डबे झाकू लागतात. आता माझ्या तपासण्यांचे कागद माझा मुलगा डॉक्टरांच्या खोलीबाहेर उभा राहून वाचतो, घडी घालतो आणि पिशवीत ठेवतो. मला तो लगेच काही सांगत नाही. मीही ओढून घेत नाही. रिक्षात बसल्यावर मी त्याला एवढेच विचारते, 'काय रे, गोड की तिखट?' मागच्या खेपेला त्याने जरा थांबून सांगितले, 'थोडं तिखट आहे, आई. पण खाता येईल इतकं.' घरी पोचेपर्यंत मी आणखी दोन प्रश्न विचारले आणि त्याने दोन्हींची खरी उत्तरे दिली. त्या रात्री मला चांगली झोप लागली.